तंजावरच्या वाटेवर

प्रवासाला निघायचे ठरले की आपण आधी ठिकाणांची यादी करतो. अमुक देऊळ, तमुक किल्ला, एखादे थंड हवेचे गाव. दोन ठिकाणांच्या मधला रस्ता हा आपल्या लेखी निव्वळ खर्च असतो, वेळेचा आणि पेट्रोलचा. तो जितका लवकर उरकेल तितके बरे, म्हणून रात्रीची गाडी पकडायची, झोपेत चारशे किलोमीटर कापायचे आणि सकाळी डोळे चोळत गोपुरासमोर उभे राहायचे. आज ज्या प्रवासाबद्दल मी बोलणार आहे, तो असा केला तर त्यातले निम्मे हाती लागत नाही. हा प्रवास आहे पुणे ते तंजावर. मोटारीने, दिवसाउजेडी आणि सवडीने करण्याचा.

पुणे, सोलापूर, विजापूर, बदामी, हंपी, चित्रदुर्ग, बंगळूर, चित्तूर, वेल्लोर, जिंजी आणि शेवटी तंजावर. चार राज्ये, चार लिप्या आणि आडवाटा धरून साधारण दीड हजार किलोमीटर. दहा-बारा दिवस हाताशी असावेत आणि रोज दोन-अडीचशे किलोमीटरच्या पुढे जाऊ नये.

हाच रस्ता का? एक कारण अगदी घरचे आहे. शहाजीराजे, त्यांचे पुत्र शिवछत्रपती आणि व्यंकोजीराजे, नातू राजाराम महाराज, अशा भोसल्यांच्या तीन पिढ्या सतराव्या शतकात या मुलुखात वावरल्या. शाळेत आपण 'दक्षिण दिग्विजय' चार ओळींत शिकलो आणि परीक्षेत चार गुणांना लिहिला. पण तो मुलूख किती लांब आहे, मध्ये किती नद्या आणि किती माळ आहेत, हे नकाशावर बोट फिरवून कळत नाही.

दुसरे कारण जमिनीचे आहे. या रस्त्यावर पायाखालचा दगड ठळकपणे दोनदा बदलतो. आधी आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. मग बदामीचा तांबडा वालुकाश्म. मग हंपीपासून पुढे ग्रॅनाइट. दगड बदलला की माती बदलते, माती बदलली की पीक बदलते आणि पीक बदलले की समोरचे ताट बदलते. गंमत अशी की यातला एकही बदल 'आपले स्वागत आहे' या सरकारी पाटीपाशी होत नाही.

सोलापूरचेच बघा. महाराष्ट्र अजून संपलेला नसतो, पण बाजारात उभे राहिले तर मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा एकाच दुकानात ऐकू येतात. पुढे टाकळीजवळ भीमा ओलांडली की कर्नाटक लागतो. नदी पंढरपूरचीच. पलीकडची जमीन तीच काळी, पीक तेच ज्वारीचे आणि ताटात भाकरी तीच, फक्त तिचे नाव 'रोट्टी' झालेले. दुकानावरची अक्षरे तेवढी गोल होतात. ही सीमा १ नोव्हेंबर १९५६ ची आहे. त्याआधी विजापूर, धारवाड आणि बेळगाव हे जिल्हे पुण्यासारखेच मुंबई राज्यात होते. म्हणजे आज आपण ज्या पाटीपाशी 'परराज्य आले' म्हणून गाडीतल्या पोरांना उठवतो, ती पाटी आपल्या आजोबांच्या लग्नापेक्षा नवी असण्याची शक्यता आहे.

विजापूरचे नाव २०१४ पासून अधिकृतपणे विजयपुर झाले आहे. इथे गोलघुमट पाहायला सकाळी दार उघडताच जावे, कारण एकदा शाळांच्या सहली आल्या की त्या कुजबुजत्या सज्जात कुजबुज सोडून सगळे ऐकू येते. १६५६ साली वारलेल्या मुहम्मद आदिलशहाची ही कबर. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर आणि आत आधाराला एकही खांब नाही. मग एवढे ओझे पेलते कोण? मान वर करून नीट पाहिले तर दिसते. चौकोनी दालनाच्या भिंतींतून निघालेल्या कमानी एकमेकींना छेदत वर जातात, चौकोनाचा हळूहळू वर्तुळाकार होतो आणि घुमटाचे ओझे त्या कमानींवरून जाड भिंतींत उतरते. बांधकाम काळ्या पाषाणाचे, म्हणजे सह्याद्रीतल्या आपल्या किल्ल्यांच्या जातीचेच.

इथली मलिक-ए-मैदान तोफ मला गोलघुमटाइतकीच महत्त्वाची वाटते. १५४९ मध्ये ती अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला ओतली गेली. नंतर परांड्याच्या किल्ल्यात होती आणि तिथून विजापूरला आणली गेली. पन्नास टनांहून जड असलेले हे धूड बैल आणि हत्ती लावून भीमेपलीकडे ओढत नेले, तेव्हा वाटेत पूल नव्हता. आपण टोलनाक्यावर पाच मिनिटे खोळंबलो तरी हॉर्न वाजवतो.

विजापूर सोडले की कोल्हारजवळ कृष्णा लागते. आलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे नदी कसली, समुद्रच वाटतो. कोल्हारचे मडक्यातले घट्ट दही प्रसिद्ध आहे, ते चुकवू नका. इथून बागलकोट आणि मग बदामी. या टप्प्यात काळी भुई मागे पडू लागते आणि एका वळणावर एकदम तांबडे कडे समोर येतात. हा पहिला मोठा बदल.

वालुकाश्म हा थर साचून बनलेला दगड. बदामीच्या कड्यात ते थर वहीच्या पानांसारखे दिसतात. तो छिन्नीला वश होतो, म्हणून सहाव्या शतकात चालुक्यांच्या कारागिरांनी त्यात लेणी कोरली. तिसऱ्या लेण्यात इसवी सन ५७८ चा लेख आहे. जवळच्या ऐहोळेला मेगुती टेकडीवरच्या जैन मंदिरात रविकीर्तीचा ६३४ चा शिलालेख आहे. त्यात दुसरा पुलकेशी नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा अधिपती झाल्याचे म्हटले आहे. आपल्या प्रदेशाचे नाव असलेला हा इतका जुना लेख बघायला किती मराठी माणसे ती टेकडी चढतात, असा प्रश्न पडतो. बदामीला येणारे बहुतेक जण बनशंकरीचे दर्शन घेऊन परततात. कुलदैवतच आहे अनेकांचे, त्यामुळे तक्रार नाही. देवळाबाहेर बायका टोपलीत कडक भाकरी, दही आणि लाल चटणी घेऊन बसतात, ते जेवण कुठल्याही हॉटेलापेक्षा सरस.

पट्टदकल मात्र अर्धा दिवस मागते. उत्तरेकडच्या धाटणीची शिखरे आणि दक्षिणेकडची पायऱ्यापायऱ्यांची विमाने एकाच आवारात शेजारी शेजारी उभी असलेली इथे दिसतात. यातले मोठे विरूपाक्ष मंदिर आठव्या शतकात राणी लोकमहादेवीने बांधवले, दुसऱ्या विक्रमादित्याच्या कांचीवरच्या विजयाची आठवण म्हणून. या राजाने कांची जिंकली, पण तिथल्या कैलासनाथ मंदिराचे धन मंदिरालाच परत दिले आणि तसा लेख त्याच मंदिरात कन्नडमध्ये कोरवला. त्याच्या आधी शंभर वर्षे पल्लवांनी बदामी जिंकून तिथे आपला लेख कोरला होता. म्हणजे लेखाला लेखाने उत्तर. शिवाय कांचीच्या त्या देवळाची छाया विरूपाक्षावर पडलेली दिसते आणि विरूपाक्षाची छाप आपल्या वेरूळच्या कैलासावर. कारागीर, कल्पना आणि वैर अशी तिन्ही याच पट्ट्यात जा-ये करत होती. दुसऱ्याच्या देवळात आपल्या भाषेत लिहून ठेवण्याची ही रीत लक्षात असू द्या, तंजावरला तिची गाठ पुन्हा पडणार आहे.

बदामीहून हंपीला जाताना एका सकाळीत आपण तीन जुनी राज्ये ओलांडतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. बदामी मुंबई राज्यात होती, वाटेतले कोप्पळ १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते आणि हंपीचे होस्पेट १९५३ पर्यंत मद्रास राज्यात. आता सगळेच कर्नाटक. त्या सीमांचा एक दगडही शिल्लक नाही.

दगड शिल्लक आहेत ते हंपीचे. कुणी राक्षसाने रचून ठेवावेत असे गोल, प्रचंड धोंडे एकावर एक. पाहणाऱ्याला वाटते भूकंप झाला असेल किंवा ज्वालामुखी फुटला असेल. प्रत्यक्षात हे धोंडे कुठून आलेले नाहीत, ते जागच्या जागी झाले आहेत. ग्रॅनाइटचा अखंड डोंगर, त्याला उभ्या-आडव्या भेगा. भेगांतून पाणी मुरते आणि कोपरे आधी कुजतात, कारण कोपऱ्यावर पाण्याचा मारा दोन-तीन बाजूंनी होतो. कोपरे झिजले की चौकोनाचा गोळा होतो, मधली भुसभुशीत माती वाहून जाते आणि गोळे एकमेकांवर टेकून राहतात. या दगडाचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे. आपला सह्याद्रीचा पाषाण त्यापुढे अगदीच पोर आहे, साडेसहा कोटी वर्षांचा.

हाच दगड विजयनगरकरांनी वापरला. अनेक धोंड्यांवर एका ओळीत कोरलेली चौकोनी भोके दिसतील. त्यात पाचरी ठोकून दगड सरळ रेषेत फोडत. कुठे भोके आहेत पण धोंडा फोडलेलाच नाही, काम अर्धवट राहिले आहे. १५६५ च्या लढाईनंतर हे शहर लुटले गेले आणि ओस पडले, ही गोष्ट पुस्तकात वाचलेली असते. तशा अर्धवट धोंड्यापुढे उभे राहिले की ती वेगळी वाटते. विठ्ठल मंदिरातला दगडी रथ मात्र पाहण्याआधीच ओळखीचा असतो. २०१७ पासून निघालेल्या पन्नासच्या नोटेवर तोच आहे.

हंपीपासून पुढे माती लाल. ज्वारी विरळ होते, भुईमूग आणि नाचणी दिसू लागते. चित्रदुर्ग ओलांडल्यावर ढाब्यावर भाकरी मागितली तर समोर नाचणीचा मुद्दा येतो. तो चावायचा नसतो, आमटीत बुडवून गिळायचा असतो. मी मोठ्या निष्ठेने दोनदा प्रयत्न केला आणि इडलीकडे वळलो. पण भाकरीचा प्रदेश कुठे संपतो हे ज्याला जिभेने जाणून घ्यायचे आहे, त्याला ही जागा बघावी लागेल. दगडाची गोष्ट इथे ताटापर्यंत पोचते.

चित्रदुर्गाजवळून एक आडवाट जरूर घ्यावी. दावणगेरे जिल्ह्यात चन्नगिरीजवळ होदिगेरे नावाचे गाव आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजांचा इथे मृत्यू झाला. त्यांची समाधी साधी आहे, मोकळ्यावर आहे आणि पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. महामार्गाने सुसाट जाणाऱ्या गाड्यांना तिचा पत्ता नसतो. चौपदरी रस्त्यांनी आपले फार बरे केले, यात शंका नाही, पण प्रत्येक गावाला वळसा घातला की गाव दिसेनासे होते. म्हणून दिवसातून एकदा तरी मुद्दाम बाह्यवळण सोडून गावातून जावे. चहा तिथे चांगला असतो आणि होदिगेरेचा रस्ता सांगणारा माणूसही तिथेच भेटतो.

बंगळूरबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथल्या वाहतुकीत प्रवासाचा अर्धा दिवस तसाही जातो. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने हे शहर केंपेगौडाच्या वंशजाकडून घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या दरबारात अनेक भाषांतले कवी होते. जयराम पिंड्ये याच्या 'राधामाधवविलासचंपू' या काव्यात त्या बहुभाषी दरबाराचे चित्र आहे. ते काव्य इतिहासाचार्य राजवाड्यांनी संपादून आपल्यापुढे आणले. आजही बंगळुरात कन्नड, तमिळ, तेलुगू, मराठी, उर्दू एका गल्लीत नांदतात. तमिळ चित्रपटांचे रजनीकांत म्हणजे याच शहरात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड.

बंगळूरहून कोलार, मुळबागल करत आंध्रात पलमनेरला यावे आणि मोगिलीचा घाट उतरून चित्तूरला. घाट छोटा, पण म्हैसूरचे पठार इथे संपते. काच खाली केली तर हवा गरम झाल्याचे कानशिलांना कळते. पाट्यांवरची अक्षरे आता तेलुगू. कन्नड आणि तेलुगू अक्षरे बहिणी-बहिणींसारखी दिसतात, कारण दोघींची आई एकच जुनी लिपी. दोन तासांनी वेल्लोरला तमिळ अक्षरे सुरू होतात, ती मात्र वेगळ्या घरची. चित्तूर १९५३ पर्यंत मद्रास राज्यात होते, त्यामुळे इथल्या बाजारातही दोन्ही भाषा चालतात. लिपी येत नसेल तरी मैलाच्या दगडाचा रंग वाचावा. पिवळे डोके म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवे म्हणजे राज्याचा रस्ता, नारिंगी म्हणजे खेड्याचा. हा रंग चारही राज्यांत एकच.

वेल्लोरचा भुईकोट खंदकासह पाहून तिरुवण्णामलैमार्गे जिंजीला जावे. या प्रवासाचा माझ्या मते हाच गाभा. ग्रॅनाइटच्या तीन टेकड्या, त्यांना जोडणारी तटबंदी आणि राजगिरीचा सुळका पायथ्यापासून सुमारे अडीचशे मीटर. शिवछत्रपतींनी १६७७ च्या दक्षिण मोहिमेत हा किल्ला घेतला. तेव्हा इतक्या दूरचे ठाणे कशाला, असे कुणाला वाटलेही असेल. बारा वर्षांनी त्याचे उत्तर मिळाले. संभाजी महाराजांच्या वधानंतर रायगडाला वेढा पडला आणि १६८९ च्या सप्टेंबरअखेर एकोणीस वर्षांचे राजाराम महाराज पन्हाळ्याहून वेष पालटून निघाले. मोगलांचा पाठलाग चुकवत, केळदीच्या राणी चेन्नम्माच्या मदतीने बिदनूरच्या मुलखातून वेल्लोर आणि नोव्हेंबरच्या आरंभी जिंजी. पाच-सहा आठवडे. पुढे झुल्फिकारखानाचा वेढा १६९० पासून १६९८ च्या आरंभापर्यंत चालला. किल्ला पडण्याआधी महाराज निसटले होते. या काळात स्वराज्याची राजधानी इथे होती, मराठी कागद इथून सुटत होते.

हे सगळे आपल्याला ठाऊक असते. पण आठ-नऊ दिवस मोटारीने येऊन, अंग आंबलेले असताना राजगिरीच्या पायऱ्या चढायला लागल्यावर त्या पाच-सहा आठवड्यांचा अर्थ पायांना कळतो. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यातले अकरा महाराष्ट्रातले आहेत आणि बारावा हा. आपल्याकडचे लोक आता इथे अधिक यावेत. माकडांपासून पिशव्या सांभाळाव्यात आणि ऊन चढण्याआधी चढून उतरावे.

जिंजीपासून दक्षिणेला उतरले की दगड संपतो. कावेरीच्या गाळाने बनलेला सपाट प्रदेश, भाताची खाचरे, कालवे. इथे घर बांधायलाही दगड मिळत नाही. आणि नेमके इथेच राजराजा चोळाने १०१० मध्ये ६० मीटरहून उंच विमान असलेले बृहदीश्वराचे देऊळ पूर्ण केले, सगळे ग्रॅनाइटचे. तो दगड पन्नासएक किलोमीटर ओढून आणावा लागला. वाटेतल्या धोंड्यांची ओळख नसेल तर देऊळ नुसते उंच वाटते.

तंजावर मराठ्यांकडे आले तेही विजापूरच्याच वाटेने. आदिलशाहीने व्यंकोजीराजांना इथल्या नायकांच्या भांडणात पाठवले आणि १६७५-७६ च्या सुमारास ते स्वतःच गादीवर बसले. १८५५ मध्ये इंग्रजांनी खालसा करेपर्यंत हे राज्य टिकले. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी मराठी नाटके लिहिली, तीही विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या सांगलीतल्या प्रयोगाच्या सव्वाशे-दीडशे वर्षे आधी. दुसऱ्या सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले आणि इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर इथे छापवून घेतले. त्या ग्रंथालयात मोडी कागदांचा मोठा साठा आहे. मोडी वाचणारी माणसे आपल्याकडेच कमी होत चालली आहेत, तिथे तर बोलायलाच नको. आपल्याकडच्या एखाद्या विद्यार्थ्याने मोडी शिकून वर्षभर तंजावरला राहायचे ठरवले तर काम पुरून उरेल.

तंजावरची मराठी बोलणारी कुटुंबे अजून आहेत. तमिळ हेल, आणि मध्येच असा एखादा जुना शब्द की जो आपण फक्त बखरीत वाचलेला असतो. नवी पिढी घराबाहेर तमिळ किंवा इंग्रजी बोलते, त्यामुळे ही बोली आता घराच्या उंबऱ्याआड चालली आहे. कुणी भेटले तर आपल्या पुस्तकी मराठीने त्यांना दुरुस्त करायला जाऊ नये, ऐकावे. सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडले, ही कथा ते तुम्हाला सांगतीलच. दंतकथाच ती, पण सांगतात झकास.

निघण्याचा काळ संक्रांतीनंतरचा ठरवा. आपल्याकडे पावसाळा संपला की सगळीकडे संपला असे वाटते, पण तमिळनाडूच्या किनारी भागाला खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये लागतो. जानेवारीच्या अखेरीस कावेरीकाठी भाताची कापणी चालू असते. फक्त त्या दिवसांत सोलापूर-विजापूरकडे उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणींना मागचा दिवा नसतो. कर्नाटकात शेतकरी मळणीसाठी धान्य थेट रस्त्यावर पसरतात. म्हणून अंधार पडण्याआधी मुक्कामाला पोचावे.

बृहदीश्वराच्या आवारात नैर्ऋत्येकडच्या भिंतीपाशी जाणे विसरू नका. सगळीकडे चोळांचे तमिळ लेख पाहून डोळे निर्ढावलेले असतात आणि अचानक देवनागरी अक्षरे समोर येतात, ओळींमागून ओळी, संपतच नाहीत. १८०३ मध्ये सरफोजींच्या काळात कोरलेला हा भोसले घराण्याचा इतिहास, मराठीत. भाषा जुनी असली तरी सावकाश वाचता येते. त्यासाठी सकाळी लवकर जावे. दुपारी बाराच्या सुमारास त्या फरशीवर अनवाणी पायांनी चार ओळींच्या पुढे कुणाचे वाचन जात नाही.